भावी पोलीस पाटील, मौजे कोनवली

३ जानेवारी, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. मोठ्या पदावर गेल्यावर माणसाला सुरुवातीचे दिवस आठवत नाहीत, म्हणून आत्ताच लिहून ठेवायचे. वाचक कोणी नाही.
बातमी पक्की आहे. आमच्या कोनवलीचे पोलीस पाटील कोंडाजीकाका साठ वर्षं पूर्ण करून निवृत्त झाले. जागा रिकामी. प्रांत कार्यालय कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांतल्या रिकाम्या जागा एकदम भरणार आहे. ऐंशी गुणांची लेखी, वीस गुणांची तोंडी. पात्रता दहावी पास, वय पंचवीस पूर्ण. मी दहावी पास आहे (६१.२० टक्के), वय सव्वीस वर्षं चार महिने. बारावीचा इथे संबंधच येत नाही. जाहिरात अजून निघायची आहे, पण इतकी जुळणारी पात्रता आजवर पाहिलेली नाही.
ही पहिली पायरी. पुढच्या पायऱ्यांचा तक्ता वहीच्या शेवटच्या पानावर काढला आहे.

६ जानेवारी
वेळापत्रक: ४.३० उठणे. ४.४५ ते ७.०० कायदा. ७.०० ते ९.०० सामान्य ज्ञान. दुपारी गणित.
उठलो ७.४०. दोष माझा नाही. पहाटे शेजारच्या गजाने म्हशी धुतल्या, मग दुधाचे कॅन टेंपोत आपटले, मग टेंपो सुरू होईना म्हणून ढकलायला मलाच हाक मारली. तेव्हाच जागा राहिलो असतो तर पहाटे उठलो म्हणता आलं असतं. ढकलून येऊन पुन्हा झोपलो, ते धरता येत नाही.

९ जानेवारी
कोंडाजीकाकांकडे मार्गदर्शनाला गेलो. नवी वही, दोन पेनं. काका ओटीवर सुपारी कातरत होते. पदाची मुख्य कर्तव्यं विचारली. म्हणाले, "मयत सापडलं का त्याच्यापाशी बसायचं. पोलीस येईस्तोवर कुत्री हाकलायची. झालं." मी विचारलं, हे कोणत्या कलमाखाली? म्हणाले, "कुत्र्याला कलम नाय समजत रं."
लिहून घेण्यासारखं काही निघालं नाही. पद गेलं की माणूस कडवट होतो. मी तसा होणार नाही, हा निश्चय आत्ताच करून ठेवतो.

१४ जानेवारी
निर्णय घेतला. गावात अभ्यास अशक्य. कोंबड्या, मिक्सर, टेंपो. कर्जतला दहिवलीत खोली मिळाली आहे. मालकीण सोनुबाई. दुपारी दोन तास झेरॉक्सच्या दुकानात अर्ज टाइप करायचं काम, त्यात भाडं निघतं. बाकी वेळ अभ्यासिकेत.
आईने गाठोड्यात तांदळाचं पीठ आणि सुकट बांधून दिली. बांधताना म्हणाली, "गावचा पाटील व्हायला गाव सोडून चाल्लास होय रं?" आईला प्रशासकीय प्रक्रिया समजत नाही. तिला समजावण्यात सकाळची रिक्षा चुकली.

२ फेब्रुवारी, अभ्यासिका
छत्तीस खुर्च्या, दोन पंखे. वातावरण अतिशय गंभीर. सगळ्यांत ज्येष्ठ स्वप्नीलदादा. वय चौतीस. गेली सात वर्षं मोठ्या परीक्षांची तयारी करत आहेत. त्यांना सगळं माहीत आहे. कोणत्या परीक्षेत कोणत्या वर्षी कोणता प्रश्न चुकीचा आला होता तेसुद्धा. ते माझ्याशी बोलले. मी पोलीस पाटलाची परीक्षा देतोय म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "लहान परीक्षा नसते, भाऊ. लहान तयारी असते." हे वाक्य भिंतीवर लावणार.
मला दाराजवळची खुर्ची दिली आहे. येणारा-जाणारा खांद्याला धक्का देतो. खिडकीजवळ एक जागा आहे. वारा, उजेड आणि चार्जिंगचा पॉइंट. रिकामी असते. पण नियम आहे: खिडकीची रांग फक्त शहरातल्या रहिवाशांना.

११ फेब्रुवारी
आज मोठं काम उरकलं. आधारवरचा पत्ता बदलून दहिवली केला. मतदार यादीत नाव इकडे घेण्याचा अर्ज भरला. रेशनकार्डावरचं नावही घरच्या कार्डातून कमी करून घेतलं आणि तसा दाखला घेतला. एका कागदावर एक पत्ता आणि दुसऱ्यावर दुसरा, असा गलथानपणा मला सहन होत नाही. कागद कागदाशी जुळला पाहिजे.
आई तहसीलला अंगठा द्यायला आली होती. तिथल्या बाकावर बसून म्हणाली, "कार्डावरचं नाव सासरी गेलेल्या पोरीचं कमी करतात. नायतर मेलेल्याचं. तू कुठं चाल्लास?" मी म्हटलं, खिडकीजवळ. तिने परत काही विचारलं नाही. समजलं असावं.

१३ फेब्रुवारी
खिडकी. वारा. चार्जिंग. आता मला कोणी अडवू शकत नाही.

२० फेब्रुवारी
सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात अपूर्व माहिती सापडली. जुन्या काळी चीनमध्ये सरकारी नोकरीसाठी परीक्षा असे. उमेदवाराला एका कोनाड्याएवढ्या खोलीत तीन दिवस बंद करत. जेवण स्वतःचं, दिवा स्वतःचा. माणसं केस पिकेपर्यंत परीक्षा देत. काही जण तिथेच मरत. मग प्रेत भिंतीवरून बाहेर देत, कारण दार उघडायची परवानगी नसे. केवढी शिस्त! स्वप्नीलदादांना वाचून दाखवलं. मग त्यांनी वयोमर्यादा किती होती ते विचारलं. पुस्तकात म्हटलंय, नव्हती. त्यांनी पानाचा फोटो काढून घेतला.
ठरवलं: हा प्रयोग मी करणार. तीन दिवस.

२२ फेब्रुवारी
प्रयोग सकाळी सातला सुरू. सोनुबाईंना बाहेरून कुलूप लावायला सांगितलं. नऊ भाकऱ्या, सुकट, पाण्याचा हंडा, सराव प्रश्नपत्रिका बारा.
८.३० पर्यंत दोन प्रश्नपत्रिका.
९.४५. संडास चाळीच्या टोकाला सामाईक आहे, हा मुद्दा नियोजनातून सुटला.
१०.१० ते ११.४०. सोनुबाई चावी घेऊन खोपोलीला भाचीकडे गेल्या होत्या. शेजारच्यांनी कडीचे स्क्रू काढले. एक जण म्हणाला, "पोरीचं लफडं हाय काय?" मी म्हटलं, चीनचं आहे.
नऊपैकी सात भाकऱ्या उरल्या. प्रयोग अंशतः यशस्वी.

४ मार्च
पंचनाम्याचा सराव. पोलीस पाटलाला पंचनामा नीट यायला हवा. आज अभ्यासिकेच्या दारातून एक चप्पल गेली. मी लगेच कागद घेतला. डाव्या पायाची, तपकिरी, टाच झिजलेली. पूर्वेस पाण्याचा माठ, पश्चिमेस भिंत, दक्षिणेस जिना, उत्तरेस उर्वरित चपला. पंच दोन. एकाने सही दिली, दुसरा म्हणाला, ती चप्पल माझीच, आणि आता मी घरी कसा जाऊ? तक्रारदारालाच पंच करता येत नाही, हे त्याला समजावून सांगितलं. तो उजव्या पायात चप्पल घालून गेला.
पंचनामा सुवाच्य झाला आहे. फाइलला लावला.

२६ मार्च
जाहिरात निघाली!! मौजे कोनवली, एक पद, खुला प्रवर्ग. अटी एकूण अकरा. रात्रीपर्यंत सगळ्या पाठ. अट क्रमांक चार: 'उमेदवार संबंधित गावाचा कायमचा रहिवासी असावा.' माझा जन्मच कोनवलीचा, त्यामुळे ही अट वाचायला सगळ्यांत सोपी गेली.

२८ मार्च
वाईट बातमी. गावात चौकशी केली. पाटीलकीला कोणीही अर्ज करत नाहीये. पोरं म्हणतात, मानधनापेक्षा फार्महाऊसवर वॉचमन राहिलेलं बरं, झोपायला तरी मिळतं.
स्वप्नीलदादांनी सांगितलं की एकच अर्ज आला तर स्पर्धा होत नाही आणि जाहिरात रद्द होते. त्यांच्या बघण्यात खालापूरकडे एका गावात असं झालं आहे. पुन्हा जाहिरात कधी निघेल सांगता येत नाही.
रात्रभर झोप नाही. मला प्रतिस्पर्धी पाहिजे. पण कमकुवत.

३० मार्च
गजा. दहावी तिसऱ्या खेपेला सुटला आहे. वय अठ्ठावीस. वर्तमानपत्र म्हशीच्या पान्ह्याच्या औषधाची बाटली गुंडाळायला वापरतो.
गोठ्यात जाऊन विषय काढला. तो धार काढत होता. म्हणाला, "मला रं कशाला? पाटील तू हो, मी दूध घालतो." म्हटलं, तू नुसता बस, लिहू नकोस काही. म्हणाला, "बसाय काय, बसतो की. पण परीक्षा कवा? सकाळची नको. सकाळी टेंपो हाय." परीक्षा अकराची, तोवर टेंपो परत येतो. मग तयार झाला. हात धुता धुता म्हणाला, "आणि चुकून लागलो तर रं?" मी खूप हसलो. तोही हसला.

१ एप्रिल
दोन्ही अर्ज मीच भरले. माझा अर्ज देखणा झाला. सध्याचा पत्ता दहिवली, कायमचा पत्ता दहिवली. आधार जसं तसंच. गजाचाही व्यवस्थित भरला, त्याचा म्हणून हयगय केली नाही. रहिवास: जन्मापासून. त्याच्याकडे पत्ता बदलायची अक्कलच नाही, सगळे कागद कोनवलीचेच. कागद त्याने पेंडीच्या पिशवीत आणले होते. वास येतो.

५ एप्रिल
नवी अडचण. स्वप्नीलदादा म्हणतात की दुसरा उमेदवार नापास झाला तरी स्पर्धा धरत नाहीत. त्याला निदान ४५ टक्के, म्हणजे ऐंशीपैकी छत्तीस गुण पडले पाहिजेत.
गजाला छत्तीसपर्यंत आणावं लागणार. पण छत्तीसच्या पुढे नाही.

६ ते २४ एप्रिल
रोज दुपारी दुकानातलं काम उरकून कोनवलीला जाऊन गजाची शिकवणी. माझा अभ्यास रिक्षात. त्याला पहिली चार प्रकरणं शिकवली, पाचवं मुद्दाम ठेवलं. कलमं त्याच्या डोक्यात राहत नाहीत. पण शेकडेवारी विचारली की दुधाच्या फॅटसारखं पटकन उत्तर देतो, आणि आजूबाजूच्या बारा गावांची नावं, वाड्या, ओढे, पूल, कोणाचं घर कुठे, हे सगळं त्याला आधीच माहीत. म्हणतो, "टेंपो जातो ना रं."
स्थानिक भूगोलावर फक्त दहा गुण असतात. घाबरायचं कारण नाही.
आई रोज आम्हा दोघांना चहा देते. काल म्हणाली, "एवढा रोज येतोस तर ऱ्हा की इथंच." तिला म्हटलं, खिडकी जाईल.

२७ एप्रिल
परीक्षा झाली. पेपर सोपा. मला सोपे पेपर आवडत नाहीत, त्यात तयारी दिसत नाही. दोन प्रश्नांत छपाईच्या चुका होत्या. पर्यवेक्षकांना उभं राहून सांगितल्या. ते म्हणाले, बसा. गजा शेवटच्या अर्ध्या तासात झोपला होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "पन्नास सोडवले, बाकीचे देवाला."

१५ मे
निकाल. मी ७१. गजा ३८.
सगळं ठरल्याप्रमाणे. एखाद्या शिल्पकाराला काय वाटत असेल ते आज कळलं. तोंडी परीक्षा उपचार आहे. गजाला वीसपैकी वीस आणि मला शून्य पडलं तरीसुद्धा मीच पुढे.
स्वप्नीलदादांचाही निकाल लागला. मुख्य परीक्षेत पुन्हा राहिले. मी पेढा दिला, तो त्यांनी वहीवर ठेवला आणि संध्याकाळपर्यंत खाल्ला नाही.

२० मे
गावच्या मित्रमंडळाने स्टॉपवर फ्लेक्स लावला. माझा निळ्या शर्टातला फोटो, खिशाला पेन. 'मौजे कोनवलीचे भावी पोलीस पाटील मा. साईनाथ यांचे लेखी परीक्षेतील उज्ज्वल यशाबद्दल हार्दिक अभिनंदन.' एकही शुद्धलेखनाची चूक नाही, कारण मजकूर मी दिला होता. आईने पदर डोक्यावर घेऊन फ्लेक्स पाहिला. तिला वाचता येत नाही, पण चार वेळा पाहिला. घरी आल्यावर म्हणाली, "डोळे तुझ्या बापावाणी आलेत."
लोकांचं बोलणं बदललं आहे. परवापर्यंत 'काय रं साई' म्हणणारे आज 'बसा पाटील' म्हणाले. मी बसलो नाही. पदावर नसताना बसणं बरं नाही.
पोशीरहून एक स्थळही आलं. मुलीचं नाव विनिता, बी.कॉम. तिच्या वडिलांनी विचारलं, "पाटलाला सरकार मोटारसायकल देतं का?" मी म्हटलं, विचाराधीन आहे. त्यांना हे उत्तर आवडलं. म्हणाले, "ऑर्डर हातात आली का सुपारी फोडू."

५ जून
१०.४०. कागदपत्र पडताळणी. दोन वाजता तोंडी. माझी फाइल: अनुक्रमणिका, चौदा परिशिष्टं, रंगीत विभाजक. टेबलावरच्या मॅडमनी ती हातात घेतली आणि म्हणाल्या, "इतकी सुंदर फाइल आज सकाळपासून आली नाही." मी म्हटलं, सवय आहे.
११.१५. मॅडमनी विचारलं, "तुम्ही कोनवलीचे कशावरून?" म्हटलं, जन्मावरून. "कागद?" आधार पाहिलं, दहिवली. मतदार ओळखपत्र, दहिवली. रेशनकार्डाऐवजी परिशिष्ट सात होतं: कोनवलीच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला. तो मीच लावला होता. फाइल अपुरी राहू नये म्हणून.
११.२०. मॅडम म्हणाल्या, "अट क्रमांक चार वाचली होती का?" मी म्हणून दाखवली. शब्द न शब्द, स्वल्पविरामासकट. त्या म्हणाल्या, "बरोबर." आणि लिहिलं: अपात्र.
मी सांगितलं की गाव अभ्यासासाठी सोडलं, याच पदाच्या अभ्यासासाठी. त्यांना वाईट वाटलं असावं. त्यांनी मला पाणी दिलं. फाइल परत देताना पुन्हा म्हणाल्या की फाइल सुंदर आहे.
१.५०. गजाचे कागद पेंडीच्या पिशवीतून निघाले. पात्र. तो बाहेर व्हरांड्यात माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "मी नाय जात आत. तुझी पाटीलकी मी घेऊ का रं? लोक शेण घालतील तोंडात." दोन मिनिटं आम्ही दोघं नोटीस बोर्ड वाचत उभे होतो. नाव पुकारलं. मी म्हटलं, हजर असलेल्या उमेदवाराने गैरहजर राहणं नियमाला धरून नाही. आणि त्याला पाठीला हात लावून आत ढकललं.
नंतर विचारलं, काय विचारलं. म्हणाला, "मयत सापडलं तर काय करशील म्हने. मी सांगितलं, गेल्या पावसाळ्यात भिवपुरीच्या धबधब्यावर बुडालेली दोन पोरं काढली ना, तवा बसलो होतो तसा बसेन. छत्री होती एक, ती त्यांच्यावर धरली होती." सतरा गुण पडले म्हणे.
असा मुद्दा माझ्या नोट्समध्ये नाही.

६ जून
काही लिहिण्यासारखं नाही.

७ जून
लिहिण्यासारखं आहे. हा अन्याय नसून तांत्रिक मुद्दा आहे, आणि तांत्रिक मुद्द्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. सविस्तर निवेदन देणार. स्वप्नीलदादा म्हणाले, निवेदन लांब असावं, लहान निवेदन निकालात काढतात.

१२ जून
निवेदन तयार. चौदा पानं. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, अंगणवाडीतलं लसीकरण कार्ड. आवक क्रमांक मिळाला. शिक्का सरळ बसला आहे. शुभ लक्षण.

१९ जून
पोशीरकडून निरोप. मुलीला पुढे शिकायचं आहे.

१ जुलै
उत्तर आलं. चार ओळी. कोनवलीच्या पदाबाबत हरकत घेण्याचा अधिकार कोनवलीच्या रहिवाशांना असून, अर्जदार तेथील रहिवासी असल्याचे दिसून येत नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.
चार वेळा वाचलं. भाषा निर्दोष आहे. मी असतो तर असंच लिहिलं असतं.

४ जुलै
गजाला ऑर्डर मिळाली. गावात फ्लेक्स लागला, म्हणजे तोच. मित्रमंडळाने खर्च वाचवायला माझ्या चेहऱ्यावर गजाचा चेहरा चिकटवला आणि नावावर पट्टी. शर्ट माझाच राहिला आहे. खिशातलं पेनही.
गजा रात्री काठी लावून पट्टी ओढत होता. मी पाहिलं, पण थांबलो नाही. त्याने हाक मारली, "साई, अरे मी नाय सांगितलं त्यांना." म्हटलं, ठीक आहे, अक्षरं जुळली आहेत.

११ जुलै
खोली सोडली. झेरॉक्सच्या दुकानात आता फोनवर अर्ज भरणारी मुलगी ठेवली आहे. अभ्यासिकेतली खिडकीची जागा दुसऱ्याला दिली. स्वप्नीलदादा निरोप द्यायला जिन्यापर्यंत आले. म्हणाले, पुढच्या वर्षी वेगळी जाहिरात येईल. ते पुढच्या वर्षीही तिथेच असतील, असं त्यांच्या बोलण्यावरून वाटलं.
आधारवरचा पत्ता परत कोनवली करायला केंद्रावर गेलो. म्हणाले, कोनवलीत राहत असल्याचा पुरावा आणा. कोणता पुरावा, विचारलं तर म्हणाले, कोनवलीचा पत्ता असलेला कोणताही कागद.

२२ जुलै
लावणी. आईबरोबर चिखलात. चार वर्षांनी उतरलो. रोपं मी अंतर मोजून लावत होतो. कडेच्या बाया म्हणाल्या, "भागूबाई, तुझ्या पोराची रांग बघ गं, वहीत लिवल्यागत." आई म्हणाली, "लिवू दे. निदान रानात तरी हाय." दिवसभरात मी सव्वा वाफा केला, आईने चार.
ठराव: उद्यापासून पहाटे अभ्यास. पुढचा तक्ता नवीन वहीत.

२३ जुलै
उठलो ८.१५. कंबर.

८ ऑगस्ट, सायंकाळी ५.३०
दुपारी गजा आला. खाकी फाइल, नवा शिक्का. अजूनही दारात चप्पल काढताना दोनदा "काकी, येऊ का?" विचारतो. पोलीस ठाण्याकडून फॉर्म आला आहे. पंधरा ऑगस्टच्या आधी गावात राहणाऱ्या बाहेरच्या माणसांची यादी द्यायची. म्हणाला, "माझं अक्षर म्हशीनं लिवल्यागत. तूच लिही रं."
लिहायला बसलो. फार्महाऊसवरचे वॉचमन तीन, पोल्ट्रीतले कामगार दोन. नाव, मूळ पत्ता, गावात कोणाकडे, कोण म्हणून, किती दिवस राहणार. पाच नोंदी स्वच्छ केल्या. गजा फॉर्मच्या खालची बारीक सूचना बोट ठेवून वाचत होता. मग त्याचं बोट थांबलं. आधारवरचा पत्ता गावाबाहेरचा असलेल्या प्रत्येक व्यक्तीची नोंद घ्यावी.
त्याने फॉर्म हळूच माझ्या हाताखालून ओढला. म्हणाला, "झालं. एवढीच."
आई आतून म्हणाली, "कोनाचं ऱ्हायलं का रं गजा?"
"कोनाचं नाय, काकी."
मी म्हटलं, अपुरी यादी देणं हा कर्तव्यात कसूर आहे, पहिल्याच वर्षी तुझ्या नावावर नको. फॉर्म परत घेतला. अनुक्रमांक सहा. साईनाथ. मूळ पत्ता दहिवली, कर्जत. गावात कोणाकडे: भागूबाई. कोण म्हणून, इथे भाडेकरू, कामगार आणि पाहुणा एवढेच पर्याय होते. गजा तोंड दुसरीकडे करून म्हणाला, "पाहुणा लिही."
पाहुणा लिहिलं.
आई चहा घेऊन आली. विचारलं, काय लिहितोस. म्हटलं, सरकारी काम आहे. तिने कप ठेवला आणि फॉर्मकडे बघून म्हणाली, "लिही, लिही. अक्षर पहिल्यापासून चांगलं तुझं."
शेवटचा रकाना, किती दिवस राहणार. गजा शिक्का हातात धरून बसला होता. आजवर मी कोणत्याही अर्जात रकाना रिकामा सोडलेला नाही. बराच वेळ पेन टेकवून बसलो. तिथे शाईचा एक ठिपका पडला.
गजा म्हणाला, "ऱ्हाऊ दे तसाच." आणि शिक्का मारला.